निवांत बंदर

'किती निवांत गांव आहे हें!' हा उद्गार मीं आजवर किती ठिकाणीं काढला असेल, याची गणती नाहीं. शहरांत जन्म काढलेल्या माणसाची ती एक खोडच असते. चार दिवसांची रजा घेऊन तो एखाद्या लहानशा गांवीं उतरला, कीं पहिल्या चहाच्या घोटाबरोबर हें वाक्य त्याच्या तोंडून निघतेंच. ऐकणारा गांवकरी बहुधा नुसता हंसतो. त्या हंसण्याचा अर्थ पुष्कळ वर्षें माझ्या ध्यानांत आला नव्हता. तो आला सातासमुद्रांपलीकडे, जमैका बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावरील पोर्ट अँटोनियो नांवाच्या एका लहान बंदरांत. आणि तो समजावून देणारी व्यक्ति होती एक सेवानिवृत्त शिक्षिका.

त्याचें असें झालें. आमचे जांवई नोकरीनिमित्त किंगस्टनला होते. २०१९ च्या फेब्रुवारींत मुलीच्या आग्रहास्तव आम्ही उभयतां तिच्याकडे गेलों. किंगस्टन हें जमैकाच्या राजधानीचें शहर. तेव्हां गर्दी, धूळ आणि वाहनांचे कर्णे यांना तेथें तोटा नव्हता. आठवडाभरांतच मी कुरकुरूं लागलों, 'मुंबई सोडून पुन्हां मुंबईंतच आल्यासारखं वाटतंय.' मुलगी हंसून म्हणाली, 'मग बाबा, तुम्ही नि आई पोर्ट अँटोनियोला जाऊन या. तिथं फारसं कांहीं नाहीं. तुम्हांला नक्की आवडेल!' 'फारसें कांहीं नाहीं' ही शिफारस मला मोठी मोहक वाटली.

निघतांना माझ्या पेटींत एक कागद होता. पुढें त्याच्याशीं काम आहे, म्हणून तो येथेंच वाचकांच्या कानांवर घालतों. गुहागरच्या बाजूस आमचें वडिलोपार्जित घर आणि त्याच्या पाठीमागें थेट समुद्रापर्यंत गेलेलें नारळी-पोफळींचें आगर आहे. घर वर्षांतले अकरा महिने बंद असतें. मुंबईच्या एका गृहस्थांना तेथें पाहुण्यांसाठीं मोठें विश्रामगृह उभारावयाचें होतें. गांवीं राहणाऱ्या चुलतभावानें खरेदीखताचा मसुदा मजकडे पाठविला होता. माझा होकार तेवढा राहिला होता. समुद्रावर बसून सवडीनें वाचूं, या विचारानें तो मीं बरोबर घेतला होता.

किंगस्टनहून निघालेला रस्ता डोंगर ओलांडून उत्तर किनाऱ्यावर उतरतो. अंतर साठ मैलांच्या आसपास. पण वळणें इतकीं, कीं तीन तास सहज जातात. सौ. नें पहिल्या तासाभरांतच पिशवींतून लिंबू काढून हुंगावयास सुरुवात केली. १८६२ सालीं लावलेली कॅसलटनची वनस्पतिबाग मागें पडली, समुद्र दिसूं लागला, आणि लिंबू हुंगायचें विसरून सौ. एकदम ओरडली, 'अहो, तो पाहा नीरफणस!' खरेंच, रस्त्याच्या कडेला नीरफणस होता. त्यापुढें नारळ, केळी, फणस, मोहोरलेले आंबे, कुंपणावर तांबडी जास्वंद. घरांवर कौलांऐवजीं पत्रे होते एवढेंच. नाहीं तर चिपळूणहून गुहागरची मोटार पकडली आहे असेंच कोणालाहि वाटलें असतें. दहा हजार मैल येऊन आम्ही कोंकणांतच उतरलों होतों!

पोर्ट अँटोनियोची रचना मोठी मनोहर आहे. टिचफील्ड नांवाचें एक भूशिर गांवाच्या मधोमध समुद्रांत शिरलें आहे, आणि त्यामुळें एकाच्या जागीं दोन बंदरें झालीं आहेत. एक पूर्वेचें, एक पश्चिमेचें. पश्चिम बंदराच्या तोंडाशीं नेव्ही आयलंड हें झाडींनीं भरलेलें चिमुकलें बेट आहे. भूशिराच्या टोंकाला इंग्रजांचा जुना फोर्ट जॉर्ज. तेथें आतां शाळा भरते. मागें निळ्या डोंगरांची रांग. दोन्ही बंदरांत, आम्ही गेलों त्या दिवशीं, मासेमारीच्या कांहीं होड्या आणि एकदोन शिडांच्या नौका यांखेरीज कांहीं नव्हतें.

आमची सोय भूशिरावरच्या एका जुन्या लांकडी घरांत झाली होती. मालकीण पंचाहत्तरी उलटलेल्या, ताठ बांध्याच्या, चाळीस वर्षें मुलांना शिकवून निवृत्त झालेल्या. आमच्याकडे अशा स्त्रीला 'बाई' यावांचून दुसरें संबोधन नाहीं. म्हणून मीहि मनांतल्या मनांत त्यांना बाईच म्हणूं लागलों. संध्याकाळीं त्यांनीं ओटीवर चहा आणून दिला. खालीं दोन्ही बंदरांवर तिन्हीसांजेचा उजेड पसरला होता. मीं घोट घेतला आणि संवयीप्रमाणें म्हणालों, 'किती निवांत गांव आहे हें!'

बाई हंसल्या. तेंच हंसणें! पण त्या शिक्षिका होत्या. नुसतें हंसून विद्यार्थ्याला सोडून देणें त्यांना जमणारें नव्हतें. त्या म्हणाल्या, 'निवांत नाहीं हो. थकून बसलेलं गांव आहे. उद्यां सकाळीं माझ्याबरोबर धक्क्यावर चला.'

दुसऱ्या दिवशीं धक्क्यावर उभें राहून बाईंनीं जें सांगितलें, त्याचें सार असें. १८७० सालीं लोरेंझो डाउ बेकर नांवाच्या एका अमेरिकन कप्तानानें जमैकांतून केळ्यांचे १६० घड आपल्या गलबतावर चढविले आणि ते पिकून काळे पडण्यापूर्वीं अमेरिकेंत नेऊन विकले. तोपर्यंत तिकडच्या पुष्कळ लोकांनीं केळें पाहिलेंहि नव्हतें. एवढ्याशा धाडसांतून १८८५ त एक मोठी कंपनी उभी राहिली, १८९९ त तिच्यांतून युनायटेड फ्रूट कंपनी निर्माण झाली, आणि पोर्ट अँटोनियो हें केळ्यांच्या व्यापाराचें माहेरघर झालें. १८९६ त येथवर आगगाडी आली. बोटी जातांना केळीं नेत आणि येतांना बोस्टन-न्यूयॉर्ककडील थंडीला कंटाळलेले श्रीमंत पाहुणे आणीत. त्यांच्यासाठीं ह्याच टेंकडीवर मोठें हॉटेल बांधलें गेलें. आज जमैका ज्या पर्यटनावर जगतें, त्याचा पाळणा प्रथम हलला तो येथें.

घड भरण्याचें काम रात्रभर चाले. पुरुष आणि बायका डोक्यावर घड घेऊन रांगेनें बोटीकडे जात, एक कारकून उभा राहून मोजदाद करी, आणि उजाडलें म्हणजे मजुरी हातीं घेऊन घरीं जाण्याची सर्वजण वाट पाहत. त्या हमालांचें गाणें हॅरी बेलाफॉन्टे या गायकानें १९५६ सालीं गाइलें, आणि तें जगभर नाचण्याचें गाणें होऊन बसलें. बाई म्हणाल्या, 'माझी आजी त्या रांगेंत होती. तें गाणं लागलं, कीं ती उठून आंत जायची.'

पुढें मातींतून पसरणाऱ्या एका रोगानें केळींच्या बागा खाल्ल्या, वादळांनीं उरल्यासुरल्या आडव्या केल्या, दुसऱ्या महायुद्धांत बोटी बंद पडल्या. व्यापार परतला तो पूर्वीच्या तोऱ्यानें परतला नाहीं. पाहुण्यांचा ओघ पश्चिमेकडच्या मोठाल्या हॉटेलांकडे वळला. टेंकडीवरचें हॉटेल नाहींसें झालें. आगगाडीहि येईनाशी झाली. 'आणि मग,' बाई म्हणाल्या, 'गांव निवांत झालं!'

मला एकाएकीं दाभोळची आठवण झाली. आमच्या गांवापासून खाडी जवळच. बहामनी आणि आदिलशाही अमदानींत ज्या बंदराला अरबी मुलखाकडील गलबतें लागत, तेथें माझ्या लहानपणीं निदान मुंबईची आगबोट तरी लागे. तिच्यांतून आमच्या गांवचे तरुण गिरण्यांत कामाला गेले. आगबोट बंद झाली. १९८२ च्या संपानंतर गिरण्याहि गेल्या. पण माणसें परत आलीं नाहींत. उरलीं तीं बंद घरें, म्हातारीं माणसें आणि मनिऑर्डरीची वाट. आणि सुट्टींत तेथें जाऊन आम्हीच आपले म्हणतों, किती निवांत!

बाईंच्या ओटीच्या कोपऱ्यांत एक निळें उंच पिंप होतें. त्यांचा मुलगा न्यूयॉर्कला, मुलगी लंडनला. दर नाताळांत तिकडून असें पिंप भरून येतें. त्यांत तांदूळ, साबण, कपडे, डबे, सर्व कांहीं असतें. आईबाप परदेशीं आणि मुलें आजीच्या पदराखालीं, हा प्रकार त्या बेटांत इतका घरोघर आहे, कीं अशा मुलांना 'पिंपाचीं मुलें' असें नांवच पडलें आहे. सौ. नें पिंपावरून हात फिरविला आणि म्हणाली, 'आमच्याकडे गणपतीला माणसं तरी येतात.'

पुढचे दिवस मात्र आम्ही खऱ्या पाहुण्यांप्रमाणें सुखांत घालविले. रिओ ग्रांदे नदींतून तराफ्यानें प्रवास केला. तीसएक फुटांचा बांबूचा तराफा, त्यावर दोघांना बसण्याजोगी बैठक, आणि पुढें उभा राहून लांब काठीनें रेटणारा नावाडी. दोहों तीरांवर बांबूचीं बनें, मध्येंच पांढरा बगळा, दूरवर धुकें पांघरलेला डोंगर. तीन तास कसे गेले कळलेंहि नाहीं. एरॉल फ्लिन हा चित्रपटांतला नट १९४६ त ह्या बंदरीं आला, गांवाच्या प्रेमांत पडला, आणि त्यानें ह्या तराफ्यांच्या सफरीची हौस पाहुण्यांना लावली, असें सांगतात. त्यापूर्वीं हे तराफे केळीं वाहून आणीत. नावाडी म्हणाला, 'माझा आजा केळीं आणायचा, मी माणसं आणतों. केळीं बोलत नव्हतीं, एवढाच फरक!' मी पुढें अर्धा तास गप्प बसलों.

मंडईंत गेलों तर सौ. ला आवरणें कठीण झालें. भेंडी, रताळीं, सुरणाचे भाऊबंद, नारळ, आणि नीरफणस. 'हें सारं आपलंच कीं!' असें ती म्हणाली. पण बाईंनीं तिचें समाधान फार वेळ टिकूं दिलें नाहीं. नीरफणस ताहितीहून आला. १७८९ त बाउंटी जहाजावर बंड झालें तें ह्याच रोपांच्या सफरीवर. कप्तान ब्लायनें दुसरी खेप करून १७९३ त तीं जमैकांत पोंचविलीं. हेतु काय, तर गुलामांना स्वस्तांत पोटभर अन्न मिळावें. आंबा आला तो लुटींतून. मॉरिशसहून रोपें घेऊन निघालेलें एक फ्रेंच जहाज १७८२ त इंग्रज आरमारानें पकडलें. रोपांवर नांवांऐवजीं आंकडे होते. त्यांतल्या अकरा नंबरच्या आंब्याला तेथें अजून 'नंबर इलेव्हन' असेंच म्हणतात. हापूस, पायरी, रायवळ असें गोत्र लावणाऱ्या आम्हां कोंकण्यांना, आपल्या आप्ताला कैद्यासारखा नंबर मिळालेला पाहून कसेसेंच वाटलें. जमैकाचें राष्ट्रीय फळ जें अकी, तेंहि पश्चिम आफ्रिकेंतलें. तें झाडावर आपोआप उकललें तरच खावयाचें. तसें नसेल तर विषारी.

झाडांची ही कथा, तर माणसांची त्याहून वेगळी कशी असणार? बेटाचे मूळचे टाइनो लोक युरोपियनांच्या आगमनानंतर जवळजवळ नाहींसे झाले. आफ्रिकेंतून माणसें धरून आणलीं. तीं १८३८ सालीं पुरतीं मुक्त झालीं. त्यानंतर मळ्यांवर राबावयास हिंदी माणसें लागलीं. १८४५ पासून १९१७ पर्यंत सुमारें छत्तीस हजार लोक, बहुतेक उत्तर हिंदुस्थानांतले, करारानें तेथें गेले. मंडईंत आमच्याकडच्या चेहऱ्यामोहऱ्याची एक म्हातारी मिरच्या विकीत होती. तिच्या पणजोबांचें गांव कोणतें, तें तिला ठाऊक नव्हतें. तिला 'रोटी' हा शब्द येत होता. सौ. नें तिच्याकडून नको तितक्या मिरच्या विकत घेतल्या.

त्या रात्रीं बाईंच्या स्वयंपाकघरांत सौ. नें नीरफणसाचे काप केले. तेथें तो अख्खा निखाऱ्यावर भाजतात. तिखटमीठ आणि तांदळाचें पीठ लावून तव्यावर परतण्याची कल्पना बाईंना नवी होती. त्यांनीं चार काप खाल्ले, पांचवा उचलला, आणि म्हणाल्या, 'दोनशें वर्षं आम्ही याला भाजतोंय. हें कुणी सांगितलंच नाहीं!'

मागच्या डोंगरांत मरून लोकांचीं गांवें आहेत. गुलामगिरींतून पळून जाऊन रानांत स्वतंत्र राहिलेल्यांचे हे वंशज. त्यांची नॅनी नांवाची पुढारी स्त्री होती. तिचें चित्र जमैकाच्या पांचशें डॉलरच्या नोटेवर आहे. दऱ्याखोऱ्यांचा आसरा घेऊन थोड्या माणसांनीं मोठ्या फौजेला जेरीस आणावयाचें, हा गनिमी कावा मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाहीं. इंग्रजांना अखेर १७३९ त त्यांच्याशीं तह करावे लागले. रानडुकराचें मांस मसाला लावून धुमसत्या लांकडांवर भाजण्याची त्यांची रीत आतां बोस्टन बेच्या टपऱ्यांतून जगप्रसिद्ध झाली आहे. लांकूड पिमेंटोचें, त्याच्या फळांना लवंग, दालचिनी आणि जायफळ यांचा एकवटलेला वास असतो. ह्या डोंगरांचें रान २०१५ त जागतिक वारशांत गेलें.

मी नॅनीच्या लोकांची स्तुति करूं लागलों, तेव्हां बाईंनीं हळूच सांगितलें, कीं त्या तहांत एक कलम होतें. यापुढें पळून येणाऱ्या गुलामांना मरूनांनीं आसरा द्यावयाचा नाहीं, परत पाठवावयाचें. 'त्यांना स्वातंत्र्य मिळालं,' बाई म्हणाल्या, 'पण त्याची किंमत दुसऱ्यांनीं दिली. माझे पूर्वज त्या दुसऱ्यांतले असतील. तरीहि मी शाळेंत नॅनीचा धडा शिकवला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.'

समुद्राची मौज सांगावयाची राहिलीच. फ्रेंचमन्स कोव्ह म्हणून एक चिमणा चौपाटीचा तुकडा आहे. हिरव्यागार झाडींतून एक थंड झरा वाहत येतो आणि कोमट समुद्राला मिळतो. एक पाय झऱ्यांत आणि एक समुद्रांत ठेवून उभें राहावें, तें सुख वर्णन करण्याजोगें नाहीं. तेथें जावयास पैसे पडतात. थोडें पुढें विनिफ्रेड नांवाचा दुसरा किनारा आहे. तेथें दार नाहीं. गांवचीं मुलें पाण्यांत डुंबत होतीं, म्हाताऱ्या झाडाखालीं बसल्या होत्या, कोणी मासे तळीत होतें.

जमैकांत १९५६ चा एक कायदा आहे. त्याप्रमाणें समुद्रकांठ सरकारच्या मालकीचा. पण तेथें जाण्याचा सर्वसामान्य माणसाला सरसकट हक्क नाहीं. विनिफ्रेडवर सरकारी विकास-संस्थेची योजना आली, तेव्हां उद्यां येथेंहि दार बसेल या भीतीनें गांवकरी न्यायालयांत गेले. आजापणजांपासून आमची वहिवाट आहे, हें त्यांचें म्हणणें. २०१४ सालीं निकाल त्यांच्या बाजूनें लागला. बाई सांगत होत्या, 'पाहुणे येतात तें बरंच आहे. त्यांनीं यावं. पण माझ्या नातवाला समुद्र कुणाला तरी विचारून पाहावा लागूं नये.'

त्याच वाळूवर बसून मीं पेटींतला कागद वाचला. चार पानें सरळ होतीं. पांचव्या पानावर असें होतें, कीं खरेदीदारानें मिळकतीच्या चारी बाजूंस भिंत घालावी, आंतून कोणाचीहि जाण्यायेण्याची वहिवाट राहणार नाहीं. आमच्या आगरांतून समुद्राकडे एक पाणंद जाते. खारवी बायका पहांटे तिनें मासळीच्या पाट्या घेऊन वर येतात. माझी आजी त्यांना पाणी देई. त्या तिला हातावर चार बांगडे ठेवीत. ही पाणंद कोणाच्या सातबाऱ्यावर नाहीं. ती फक्त पायांना ठाऊक आहे.

परत आल्यावर मीं चुलतभावाला लिहिलें, कीं घर विकावयास माझी हरकत नाहीं; पाणंद मात्र खरेदीखतांत वहिवाट म्हणून नमूद झाली पाहिजे. खरेदीदाराला तें मानवलें नाहीं. व्यवहार मोडला.

येथें लेखणी थांबविली असती, तर गोष्ट माझ्या मोठेपणाची झाली असती. पण बाईंच्या शिकवणीला तें शोभणार नाहीं. त्या विश्रामगृहांत चुलतभावाच्या मुलाला व्यवस्थापकाची जागा मिळावयाची होती. ती गेली. मुलगा पुण्याला एका कारखान्यांत लागला. भाऊ वर्षभर माझ्याशीं बोलला नाहीं, आणि त्याला दोष देण्याचा अधिकार मला नाहीं. पाणंद राहिली, तिची किंमत त्या पोरानें दिली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

पुढें गणपतीला तो पुण्याहून आला. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीं पहांटे आम्ही दोघे पाणंदीनें समुद्रावर गेलों. वाटेंत पाटी घेतलेली एक बाई भेटली. आम्ही कडेला सरून तिला वाट दिली. किनाऱ्यावर कोणी नव्हतें. मुलानें दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाला, 'काका, किती निवांत आहे नाहीं आपलं गांव!'

मी नुसता हंसलों.